ग्राफपेपरवरची वाट

गुर्रम म्हणजे तेलुगूत घोडा.
आमच्या घराण्यात घोडा कुणाच्या बापानं पाळला नाही.
मी सायकल घेतली तेव्हा आई हसली,
म्हणाली, आडनाव फिटलं एकदाचं.

एकतीस वर्षं टॉवेलांच्या किनारी काढल्या
आठ मागांच्या मधोमध टेबल टाकून.
भरलेला चौकोन: धागा वर. रिकामा: धागा खाली.
डावा कान त्यातच गेला.
उजवा अजून कामावर येतो, पण उशिरा.

सुताच्या व्यापाऱ्यानं दिलेल्या कॅलेंडरात
ऑगस्टला फ्रान्समधला एक कालवा होता.
दोन्ही काठांना उंच झाडं, झाडाला टेकलेली सायकल,
आणि माणूस नाही. ट्रक नाही.
हॉर्न वाजवावा असं कुणीच नाही.
सप्टेंबर लागला, मी पान उलटलं नाही.
रेवणसिद्ध म्हणाला, "असलं आपल्याकडं कुठलं बे?"
म्हटलं, बघू की.

रद्द झालेल्या डिझाइनच्या मागं नकाशा काढायला घेतला.
एक चौकोन म्हणजे शंभर पायडल.
लाल पेन्सिल पुणे रोडला, हैद्राबाद रोडला, विजापूर रोडला;
तिथं डंपर मला ऐकू येत नाही,
आधी पाठीला त्याचा वारा लागतो, मग तो दिसतो.
लाल पेन्सिल संपत आली.
हिरवीचं टोक अजून नवं होतं.

तर ऐका. हिप्परग्याच्या तलावाचा बांध सोडायचा,
जुन्या कालव्याच्या कडेनं पाटकऱ्याची वाट धरायची.
जीप येते पाणी सोडताना, म्हणजे सहसा येत नाही.
झाड म्हणाल तर बाभूळ.
सावली म्हणाल तर आपलीच, सकाळी लांब, दहानंतर चाकाखाली.
पौषात ज्वारी दोन्हीकडं डोक्याच्या वर,
मधल्या फटीतून हॅंडल तेवढं जातं.
करंब्याच्या अलीकडं करडई, तिथं चड्डी घालून जाऊ नये.
गुळवंचीला एक पांढरं कुत्रं सोबत येतं,
बरोबर एक चौकोन. मग बसतं.

"किती शांत आहे," रेवणसिद्ध म्हणाला.
तो रात्री कारखान्याचं गेट राखतो, त्याला शांततेची पारख आहे.
माझ्या कानात माग चालूच.
रस्ता जितका मुका, तितका धोटा मोठ्यानं.
पहिल्या रविवारी मी चिडून परत फिरलो:
दोन तास पायडल मारून
आठही माग सोबत आणले होते.

तिसऱ्या खेपेला काटा लागला.
शेतातनं एक बाई आली, रत्नव्वा, हातात विळा.
"कुठं निघालाव?"
कुठं नाही.
"मग एवढ्या लांब कशाला आलाव?"
रेवणसिद्ध हसला. घमेलं होतं, पाणी नव्हतं;
कालवा कोरडा, विहीर लांब.
मी ओठ ओला केला
आणि ट्यूब हळूहळू ओठावरून फिरवली.
ज्यांना फुस्स ऐकू येत नाही त्यांना हे यावं लागतं.
एका जागी वारा लागला,
साठ नंबरच्या सुतापेक्षा बारीक, गार.
रत्नव्वा वाकून बघत होती, श्वास धरून.
तेवढा वेळ
कानातला माग चालू होता की बंद,
मला सांगता येत नाही.

चिकटवलं. हवा भरली.
तिनं मूठभर हुरडा दिला, तो गरम होता,
आणि आमच्यामागं पुन्हा ज्वारीत वाकली.

आता कॅलेंडर बदललंय,
व्यापाऱ्यानं यंदा बाराही महिने देव छापलेत.
नकाशा पुरा झाला, मागच्या भिंतीला लावला.
काट्याचा चौकोन मी भरला नाही.
धागा तिथं खाली जातो,
दिसत नाही, तुटलेला नसतो.

रेवणसिद्धला वाटतं, रंगवायचा राहिला.